जालन्याला गेल्यावर तोंड सांगंल

आधी प्रयागजिजींचं नाव लिहिते. मग त्या म्हाताऱ्या वेटरचं, ज्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मोसंबीच्या गाडीवाल्या चाचांचं. माझी लेक मनीषा आज या जगात आहे ती या तिघांमुळं. डॉक्टरांचेही उपकार आहेत, पण त्यांनी काय केलं ते सांगता येतं. जिजींनी काय केलं ते सांगायला गेलं की माझी जीभ अडते. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरकडची. डोंगरातलं गाव, भात आणि नाचणी खाऊन वाढलेली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी ह्यांना मराठवाड्यात साखर कारखान्यावर फिटरची नोकरी लागली. तिकडं नवीन कारखाने उभे राहत होते, आमच्याकडची जाणती माणसं बोलावून नेत होते. एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस एसटीत बसून मी अंकुशनगरला उतरले, तेव्हा पहिल्यांदा नाकात शिरला तो मळीचा वास. आंबूस, जड. तो पुढं सात-आठ वर्षं नाकातून गेला नाही. माहेर इतकं लांब राहिलं की आईचं पत्र यायचं तेव्हा त्यात लिहिलेलं आजारपण बरंसुद्धा झालेलं असायचं.

वसाहतीत दोन खोल्यांची घरं, एकाला एक लागून. मधली भिंत एकच. त्या भिंतीच्या पलीकडं जिजी राहायच्या. त्यांचे मालक तात्या बॉयलरवर होते. दिवसभर भट्टीचा आवाज ऐकून त्यांना बोलायचा कंटाळा यायचा, त्यामुळं पलीकडून कधी आवाज यायचा नाही. मला वाटायचं, पलीकडं कोणी राहतच नाही.

जिजींचं माझ्याशी पहिलं बोलणं भिंतीतूनच झालं. सकाळी मोरीत ओकारी काढून मी भिंतीला टेकून बसले होते.

"कितवा महिना?" भिंतीतून आवाज आला.

मी दचकले. म्हणाले, "तिसरा."

"आन् कितवी खेप?"

हे मी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. आधीची दोन पोटं सासरी असताना पाचव्याच्या आत गेली होती. सासूबाई म्हणायच्या, हिच्या अंगात ठेवण नाही. मी तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं. पलीकडून परत काही विचारलं नाही. थोड्या वेळानं दारात सावली पडली. उंच, काटकुळी बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"काय खावं वाटून राह्यलं?"

"काईच नाही वाटत, मावशी. पाणी बी ऱ्हात नाही पोटात."

"मावशी न्हाई, जिजी म्हण. सगळे तेच म्हणतेत. शनिवारी तयार ऱ्हा, दुपारच्या गाडीनं जालन्याला जाऊ."

"दवाखान्यात?"

"खायला," जिजी म्हणाल्या. "इथं बसून काय समजंल? जालन्याला गेल्यावर तोंड सांगंल."

ह्यांना सांगितलं तर हसले. "जा की. म्हातारी तुला गाभण म्हशीगत करून सोडंल." मला हसू आलं नाही. माझा स्वभावच घोरी, सारखी काळजी करणारा. पण घरात बसून भिंतीकडं बघण्यापेक्षा बरं, म्हणून निघाले.

तेव्हापासून आमचा शिरस्ता पडला. शनिवारी दुपारची एसटी, अंबड मागं टाकून जालना. रात्री तिथल्याच कादराबाद भागात जिजींच्या चुलत बहिणीकडं मुक्काम. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. चार-पाच महिन्यांत मला ते शहर माझ्या गावापेक्षा जास्त पाठ झालं. आजही डोळे मिटले की मी स्टँडवरून चालत निघते आणि कुठं काय मिळतं ते नाकानं सांगते.

पहिली जागा स्टँडबाहेरची मोसंबीच्या रसाची गाडी. चाचा पांढऱ्या दाढीचे, हातयंत्राचा दांडा असा दाबायचे की साली कोरड्या होऊन पडायच्या. वर काळं मीठ. पहिल्या दिवशी ग्लास हातात घेतानाच मला भीती वाटली, आता चारचौघांत होणार आपली फजिती. जिजी माझ्या गळ्याकडं टक लावून बघत होत्या. घोट खाली उतरला आणि उतरलेलाच राहिला.

"रुकला?" चाचांनी जिजींना विचारलं.

"रुकला."

"यही था क्या?"

जिजींनी मान हलवली. "न्हाई चाचा. हे न्हाई."

मला वाटलं, मोसंबीची जात वगैरे विचारत असतील.

दुसरी जागा सदर बाजारातली मारवाड्याची कचोरी. अंगठ्यानं मधोमध फोडायची आणि वरून चिंचेचं पाणी. तिसरी मामा चौकाकडच्या एका हॉटेलातली फॅमिली रूम. फॅमिली रूम म्हणजे फळ्या मारून केलेल्या चार खोपट्या आणि पुढं मेणचट पडदा. बायकांनी त्या दिवसांत हॉटेलात उघड्यावर बसणं म्हणजे तमाशा, म्हणून ही सोय. तिथला दहीवडा मऊ, साखर बेताची. चौथी जागा नदीपलीकडं, जुन्या जालन्यात, भडभुंज्याची भट्टी. गरम वाळूतून चाळून काढलेले फुटाणे कागदाच्या पुडीत. हाताला चटका बसायचा.

जिजींची रीत अशी की मागवायचं ते एकच. एक ग्लास, एक प्लेट, एक पुडी. स्वतः कधी तोंडात काही घालायच्या नाहीत. समोर बसून माझं तोंड बघायच्या. आपण खात असताना कुणी इतकं बघितलं तर घास लागतो. पण त्यांच्या बघण्यात हावरेपणा नव्हता. दारात बसून वाटेकडं बघतात तसं बघायच्या.

"तुम्ही घ्या की थोडं, जिजी."

"मला आज गुरुवार हाये."

"आज शनिवार आहे."

"मंग शनिवार हाये."

कुठलाही वार असो, त्यांना उपास असायचाच. घरीही मी त्यांना कधी जेवताना बघितलं नाही. वसाहतीतल्या बायका म्हणायच्या, "जिजी वारा खाऊन जगती." कडेच्या घरातली कुसुम मला चिडवायची, "लागली का तुला बी जिजीची यष्टी? माझ्या टायमाला नुस्तं कचोरी, कचोरी. पोरगं झालं ते बी कचोरीसारखं फुगलेलं."

"तुला बी नेलं होतं?"

"मला, पंपावाल्याच्या बायकोला, साऱ्यांला. तिला जे पाहिजे ते आमच्या तोंडातून निघंना, मंग सोडलं आमाला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिची लेक गेली ना, शकू. जालन्यालाच दिल्ती, नदीपल्याड. सातव्यात गेली, लेकरासकट. कायतरी खायचं राह्यलं म्हन्तेत तिचं. आता ते राह्यलेलं हिंडतंय. कुण्या पोटुशीच्या तोंडातून निघंल म्हणून जिजी सगळ्याइला फिरवती."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. कुसुमनं तांदूळ गोळा केले आणि म्हणाली, "भेऊ नको गं. आमाला कुठं काय झालं? फुकटात जालना पाह्यलं."

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, ज्याचं त्याचं दुःख. म्हातारी लेकीच्या नावानं बायकांना खाऊ घालती, त्यात वाईट काय?" बरोबर होतं. मीही मनाला तेच सांगितलं. पण त्यानंतरच्या शनिवारपासून मला गोष्टी दिसायला लागल्या. की आधीपासून होत्या आणि आता मी बघायला लागले, ते मला आजही ठरवता येत नाही.

फॅमिली रूमचा तो म्हातारा वेटर. एका डोळ्यात फूल पडलेलं, खांद्यावर ओलं फडकं. पडदा सारून आत आला, पाण्याचा ग्लास माझ्या डाव्या हाताशी ठेवला आणि म्हणाला, "ताई, लय दिवसांनी?"

आम्ही मागच्याच रविवारी येऊन गेलो होतो.

मी काही बोलायच्या आत जिजींनी उत्तर दिलं, "व्हय, लय दिवसांनी."

तो गेला. मी ग्लास उचलला आणि अर्धा प्यायल्यावर माझ्या ध्यानात आलं की तो मी डाव्या हातानं उचललाय. मी जन्माची उजवी. लहानपणी मला डाव्या हातानं वेणीसुद्धा धरता यायची नाही. मी पटकन ग्लास खाली ठेवला. जिजी खिडकी नसलेल्या त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "पी, पी. हाताचं काय."

मग एका रविवारी आम्ही जुन्या जालन्यात भट्टीकडं निघालो होतो. नेहमीची वाट खणलेली होती म्हणून जिजींनी दुसरीच गल्ली धरली. मी तिथं कधी आले नव्हते. दोन्ही बाजूंनी दगडी जोत्याची घरं, भर दुपार, उन्हात एक माणूस नाही. मी पुढं चालत होते. एका निळ्या दाराजवळ आले आणि पोटात बाळानं लाथ मारली, आधी कधी मारली नव्हती इतक्या जोरात. मी थांबले आणि माझ्या तोंडून निघालं, "इथून नको जिजी. इथं सासूबाई बसलेल्या असतात."

दाराला कुलूप होतं. ओट्यावर कुणीच नव्हतं.

माझी सासू कोल्हापूरकडं होती. मी कुणाच्या सासूबद्दल बोलले?

जिजींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, माझा दंड धरला आणि मागच्या मागं फिरल्या. हात थंड लागत होता. त्या दिवशी भट्टीवर गेलो नाही. स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो तेव्हा मी विचारलं,

"ते दार कुणाचं, जिजी?"

"कुणाचं का असंना. ते लोक गाव सोडून गेल्ते कवाच."

"शकूचं सासर ना ते?"

जिजींनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. मग माझ्या पोटाकडं बघत, जणू पोटालाच सांगावं तसं, त्यांनी सांगितलं. शकू सातव्यात होती. शुक्रवारी तिनं कंडक्टरजवळ निरोप दिला. तेव्हा निरोप असेच जायचे. 'मायला म्हणाव, रविवारी ये, मला खायचंय. तुझ्यासंगं खायचंय.' काय खायचंय ते कंडक्टरनं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शनिवारी तिला कळा आल्या. जिजी रविवारी पोचल्या.

"काय खायचं व्हतं ते मला कुणी सांगंना," जिजी म्हणाल्या. "तिचा नवरा म्हणे कचोरी आवडायची. ननंद म्हणे फुटाणे. हाटेलात ती नवऱ्यासंगं दोनदा आल्ती म्हणे, दहीवडा खाल्ला. मी सारं करून पाह्यलं. पानाला ठिवलं तं कावळा शिवंना. बिलकुल शिवंना, पोरी. दुपार टळली तरी वरच्या तारेवर बसून बघून राह्यला नुस्ता."

मला रडू यायला पाहिजे होतं. आली ती भीती. मी विचारलं, "आणि माझं लेकरू? ते माझं आहे ना, जिजी?"

"तुझंच हाये," त्या म्हणाल्या. पण लगेच नाही म्हणाल्या. मधे एक एसटी आली, माणसं चढली, एसटी गेली, आणि मग म्हणाल्या.

मी ठरवलं, आता जालन्याला जायचं नाही. दोन शनिवार गेले नाही. आणि माझ्या पोटात परत काही राहीनासं झालं. भात नाही, पेज नाही, पाणी नाही. सातवा लागला होता. अंबडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तोंड बारीक केलं. म्हणाल्या, बाळाची वाढ थांबल्यासारखी वाटते, काहीही करून खा, नाहीतर आणखी दोन आठवड्यांचा भरवसा देता येत नाही. ह्यांचं हसणं त्या दिवसापासून बंद झालं. मी मोरीपाशी बसले की भिंतीपलीकडंही कुणीतरी बसल्याचा आवाज यायचा.

शनिवारी मीच भिंतीवर टकटक केली. "जिजी, दुपारची गाडी धरू."

मला माझं लेकरू पाहिजे होतं. त्यासाठी कुणाची का भूक असेना, ती माझ्या तोंडानं भागत असेल तर भागू दे, एवढ्यावर मी आले होते.

त्या दोन दिवसांत जिजींनी मला वेड्यासारखं फिरवलं. रस घेतला, स्टँडच्या भिंतीशी ओकले. चाचांनी गाडी सोडून पाणी आणून दिलं, माझ्या डोक्यावर हात धरला, ओठांत काही पुटपुटले. कचोरी हातातच राहिली. फॅमिली रूममध्ये वेटरनं न सांगता दहीवडा आणला, तोही उलटला. त्यानं खांद्यावरचं फडकं काढून स्वतः टेबल पुसलं. जाताना पडदा धरून उभा राहिला आणि जिजींना म्हणाला, "बाई, किती दिवस नुस्तं समोर बसता? तुमी बी एक घास खात जा. लेकराला एकट्यानं जात न्हाई."

जिजी त्याच्यावर खेकसल्या. "तुझं काम कर तू!"

पोटुशी बाईसमोर आपण जेवू नये, असं त्यांचं ठाम होतं. म्हणायच्या, तिचा जीव आपल्या ताटात अडकतो. म्हणून तर ते रोजचे उपास. हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी दुपारी आम्ही मोती तलावाच्या बांधावर येऊन बसलो. आता कुठं जायचं राहिलं नव्हतं. तलाव अर्धा आटलेला, पाणी हिरवं, वारा अजिबात नाही. चांगलं लख्ख ऊन होतं, तरी मला सगळं काचेच्या आडून बघितल्यासारखं दिसत होतं. जिजी म्हणाल्या, "पड जराशी. मी आलेच," आणि कडुनिंबाच्या पलीकडं गेल्या.

मी पडले. आणि मला वास आला. ज्वारीच्या भाकरीचा, शिळ्या, फडक्यात घाम आलेल्या भाकरीचा. त्याबरोबर तिळाची चटणी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. किती महिन्यांनी!

मी उठले. म्हणजे उठून बसल्याचं मला आठवत नाही, झाडाच्या पलीकडं उभी असल्याचं आठवतं. जिजी तलावाकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून जेवत होत्या. मांडीवर फडकं, त्यावर भाकरी. दोन दिवस पायपीट केलेली म्हातारी बाई, कुणाला दिसू नये म्हणून चोरासारखी घास गिळत होती. मी मागून वाकले. माझा डावा हात त्यांच्या खांद्यावरून पुढं गेला. मी तो नेला नाही, तो गेला. त्यानं भाकरीचा वरचा पापुद्रा चिमटीत धरला आणि सरकन सोलून काढला.

जिजींचा हात उठला. मारायला उठतो तसा. माझ्या मनगटापर्यंत आला आणि हवेतच थांबला.

त्यांनी मान वळवून बघितलं नाही. तलावाकडंच बघत होत्या. खूप हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिनं असंच केल्तं. शेवटची माहेरी आल्ती तवा. असाच डावा हात. मी फटकन मारली. म्हन्लं, पोटुशीनं दुसऱ्याचं उष्टं खाऊ न्हाई, लेकरू मुकं निपजतं. मला वाटलं पोरगी चाळे करून राह्यली."

पापुद्रा माझ्या हातात लोंबत होता.

"संगं खायचंय म्हन्ली व्हती," जिजी म्हणाल्या. "संगं. आन् मी गावभर काय खायचं तेच विचारत हिंडले."

मग त्यांनी थोडं सरकून जागा केली. मी शेजारी बसले. त्यांनी आपल्या तोंडातली चतकोर, दातांची खूण असलेली, चटणीत बुडवून माझ्या तोंडाशी धरली. मी खाल्ली. एकाच फडक्यावर आम्ही दोघी जेवलो, त्या एक घास, मी एक घास. सगळी भाकरी संपली. पोटात राहिली. बाळ आत हळूच फिरलं, झोपेत कूस बदलतात तसं. समोरच्या तारेवर एक कावळा बसलेला होता. तो उतरला, आमच्यापासून हातभर अंतरावर आला, फडक्यावरचा कण चोचीत घेतला आणि उडून गेला. जिजींनी हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत. फडकं झटकलं आणि म्हणाल्या, "चल जल्दी. गाडी जाईल."

पुढं दोन महिने जिजी रोज दुपारी येऊन माझ्याबरोबर एका ताटात जेवायच्या. वसाहतीतल्या बायका बघायला यायच्या, जिजी जेवती म्हणून. मनीषा झाली. किरकोळ होती, पण रडली अशी की ह्यांना दवाखान्याच्या फाटकात ऐकू गेलं.

आणि त्या दिवसापासून जिजींनी आमच्या घरी येणं बंद केलं.

मला लागलं ते. बारशाला बोलवायला मी स्वतः गेले. जिजी दारात उभ्या राहिल्या, बाळाकडं न बघता. मी पुढं केलं तर दोन्ही हात मागं घेतले.

"न्हाई, पोरी. मी हात लावला तं तिला वाटंल, मायनं बोलावलं. तुझी लेक तुझीच ऱ्हाऊ दे."

"जिजी, असं कसं? तुमच्यामुळं..."

"म्हणूनच. नाव काय बी ठिवा, शकू सोडून."

सात वर्षं आम्ही एका भिंतीला पाठ लावून राहिलो. मनीषा चालायला लागली, बोलायला लागली. जिजींनी तिला एकदाही उचललं नाही. अंगणात ती त्यांच्याकडं धावली की त्या आत जायच्या आणि कडी लागायची. माझी आई शेजारी असती तर तिलाही एवढं राखता आलं नसतं. मी कधीकधी रात्री भांडी घासताना भिंतीला हात लावायचे. भिंत उबदार लागायची. बॉयलरवाल्याचं घर, दुसरं काय असणार, असं मनाला सांगायचे.

एकदाच त्या मधे पडल्या. मनीषा डाव्या हातानं जेवायची. हे तिला शिस्त लावायला बसले, डावा हात पुढं आला की चापट. तिसऱ्या चापटीला भिंतीतून आवाज आला, इतका मोठा की ताट वाजलं.

"हातावर मारू नका!"

ह्यांनी त्यानंतर तिला कधी मारलं नाही. मनीषानं मात्र भिंतीकडं बघून, अगदी साधेपणानं विचारलं, "माय जेवली का?"

मग ह्यांना गुजरातेत, सुरतेच्या पुढच्या एका कारखान्यावर जागा मिळाली. सामान ट्रकनं गेलं, आम्ही एसटीनं निघालो. फाट्यावर सगळी वसाहत सोडायला आली होती, कुसुम माझ्या गळ्यात पडून रडत होती. जिजी सगळ्यांच्या मागं, बाभळीखाली उभ्या. गाडी आली तसं पुढं येऊन त्यांनी खिडकीतून एक फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाटंत खा. लांब चाललात. आता काही भ्या न्हाई."

त्यांचं तोंड हलत होतं. मला वाटलं काही बोलतायत. गाडी हलली तेव्हा कळलं, त्या चावत होत्या. चारचौघांत, उघड्यावर, भर रस्त्यात जिजी काहीतरी खात उभ्या होत्या. मनीषानं खिडकीतून डावा हात बाहेर काढला. जिजींचा हात वर आला, अर्ध्यावर आला, आणि मग त्यांनी तो पाठीमागं नेऊन दुसऱ्या हातानं घट्ट धरला. धुळीत मला शेवटची दिसली ती तेवढीच. उंच बाई, हात मागं बांधलेली, तोंडातला घास न गिळलेली.

अंबडच्या पुढं मी फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी. सगळ्यात वरच्या भाकरीचा पापुद्रा काढलेला होता आणि कडेला एक घास तोडलेला. दातांची खूण ओली होती. मी ती भाकरी मनीषाच्या हातात दिली. तिनं काही न विचारता जिजींनी तोडली होती तिथूनच पुढं खायला सुरुवात केली.

आता मनीषा सातव्यात आहे. बाळंतपणाला माझ्याकडं आलीय. तिला सगळं पचतं, देवाची कृपा. पण परवा दुपारी मी जेवत असताना ती शेजारी येऊन बसली आणि डाव्या हातानं माझ्या भाकरीचा पापुद्रा ओढला. मी ताट तिच्याकडं सरकवलं. ती म्हणाली, "आई, त्या जालन्याच्या हॉटेलात पडदा होता ना गं मेणचट?" मी तिला जालन्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्यात. पडद्याचं सांगितलं होतं की नाही, आठवत नाही.

जिजी आता आहेत की नाहीत ते मला माहीत नाही. पत्राला उत्तर आलं नाही, त्यांना लिहिता येत नव्हतं आणि तात्या केव्हाच गेले असं कुसुमकडून कळलं. पण जिजी, तुम्ही असाल तर आणि नसाल तरी, हे ऐका. बाळ मोठं झालं की मी या दोघांना घेऊन शनिवारच्या गाडीनं येणार आहे. आधी मोसंबीचा रस, मग कचोरी, मग ती फॅमिली रूम, असेल तर. तिथं एकच ताट मागवीन. तुम्ही आत बसा, माझ्या लेकीच्या शेजारी, आणि पोटभर हात लावा तिला. आता ती कुठं जात नाही. तुमचं जेवण होईपर्यंत मी पडद्याच्या बाहेर बसून राहीन.